बाबीमामांचा काळा चौकोन

बाबीमामा, तुमच्याबद्दल मी जे ठरवून टाकलं होतं ते चूक होतं. नुसतं मनात ठरवलं नव्हतं. आलेखाच्या कागदावर पट्टी लावून आखलं, ड्रॉइंगच्या काळ्या शाईने भरलं आणि तेरा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगून ठेवलं. हे आधी लिहून टाकतो. कारण एकदा आठवणी सुरू झाल्या की मी तुमच्या चांगुलपणाबद्दल लिहीत सुटेन, आणि माझी चूक तेवढी सोयीस्करपणे मागे राहील. गेलं वर्षभर तसंच राहिलं.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुम्ही सुतारकामाच्या कारखान्यात, दुपारच्या जेवणानंतर, रंधा हातात असताना गेलात. तुमची भाची सुनंदा म्हणते, सुखाचं मरण. मला सुखाचं की दुःखाचं काही कळत नाही. मला एवढंच कळतं, की माझ्याकडे तुम्हाला सांगायचं एक वाक्य होतं आणि ते ऐकायला तुम्ही नाही.

आमच्या लग्नातला तुमचा पाट आठवतो. मुलीच्या मागे मामाने उभं राहायचं. तुमची उंची चार फूट, त्यात पाठीला बाक. सुनंदाच्या शेल्याआड तुम्ही दिसलाच नसता. म्हणून तुम्ही स्वतःच्या हाताने एक उंच पाट केला होतात, त्याच्या कडेला वेलबुट्टी कोरली होतीत, आणि त्यावर अगदी ऐटीत उभे राहिलात. आमच्याकडचे लोक हसले. अंतरपाटाच्या अलीकडे मीही हसू दाबलं. सात वर्षांच्या पोरक्या भाचीला देवगडहून घाटकोपरला आणून, गिरणीच्या सुतारखात्यातल्या नोकरीवर तिला मॅट्रिक करणारा माणूस त्या पाटावर उभा होता, आणि मला त्याची उंची दिसत होती. बघा, तेव्हापासूनच दिसत होती.

मग रेवती झाली. मी अडतीस वर्षांचा होतो. कपाळ मोठं, हात-पाय आखूड, बोटं जाडसर. प्रसूतिगृहातले म्हणाले, वाढेल हळूहळू. दीड वर्षाची झाली तरी ती धरून उभी राहीना. तेव्हा तुम्ही पांगुळगाडा घेऊन आलात. बाजारातला नव्हे, केलेला. आधीच्या रविवारी तुम्ही तिला वीतभर वीतभर मोजून गेला होतात, ते आम्हाला वाटलं लाडाने. "हिचां माप वेगळां," तुम्ही म्हणालात. "बाजारातलो गाडो हिच्या गळ्याक लागतलो." त्या गाड्याला धरून ती त्याच दिवशी चार पावलं चालली. म्हणजे आमच्या घरात तिचं माप सगळ्यांत आधी तुम्हाला कळलं, मामा. बापाला, तेही जीवशास्त्र शिकवणाऱ्या बापाला, कळलं नव्हतं.

मला माप नको होतं, कारण हवं होतं. आमच्या पार्ल्याच्या डॉक्टरांनी खांदे उडवून म्हटलं, "असतं असं काही घराण्यांत." तेवढं मला पुरलं. शनिवारी मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. दहावीला आनुवंशिकता शिकवताना काढतो तशी वंशावळ काढली. रविवारी तुम्ही आलात तेव्हा कागद टेबलावर सुकत होता.

"ह्या काय?" तुम्ही विचारलंत.

"वंशावळ. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. काळं भरलंय ते, ज्याच्यात गुण दिसतो ते."

"खालचां चेडू आमचां, रेवती. आणि वरचो काळो चौकोन?"

"तुम्ही."

सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "आणि हे अर्धे काळे गोल?"

"वाहक. तुझी आई आणि तू. तुमच्यात दिसत नाही, पण असतं."

"आणि तुमचा चौकोन पांढरा?"

"माझ्याकडे कोणीच नाही ना तसं," मी म्हणालो.

तुम्ही बराच वेळ त्या कागदाकडे बघत होतात, सुतार दुसऱ्याने केलेला सांधा बघतो तसे. मग म्हणालात, "म्हणजे माझ्याकडसून इलां." मी म्हणालो, "तसंच दिसतंय." तुम्ही चहा प्यालात, कपबशी स्वतः मोरीत ठेवलीत, रेवतीच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि निघालात. "कळला ता बरां झाला," असं दारातून म्हणालात. मला ते अगदी खरं वाटलं. मी मनात म्हटलं, गडी समजूतदार आहे.

त्यानंतर तुम्ही आमच्या घरी यायचे थांबलात. गणपतीचं मखर तुमच्या हातचं असायचं. ते आलं, पण कारखान्यातल्या माणसाबरोबर. दिवाळीला तुम्ही आला नाहीत. सुनंदा विचारायला घाटकोपरला गेली आणि डोळे सुजवून परत आली. तुम्ही तिला म्हणाला होतात, "मी आणि चेडू एका जाग्यार दिसलो की लोक बोट दाखवतीत, बघा खंयसून इलां ता. तिका कित्याक त्रास?" सुनंदाचं माहेर म्हणजे तुमची ती एक खोली. माझ्या एका चौकोनाने त्या माहेराचं आमच्याकडे येणं बंद केलं. मला ते तेव्हा दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. दिसलं. पण मला वाटलं, शास्त्र हे शास्त्र.

आणि शास्त्राचं म्हणाल तर, मामा, तेही मी नीट केलं नव्हतं. सगळ्यांत लाज वाटते ती ह्याची. मटाराच्या झाडांचं उदाहरण देऊन मी दरवर्षी पोरांना घोकून घेतो, की लपलेला गुण बाहेर यायचा तर तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणजे सुनंदाला अर्धं काळं केलं तर मलाही अर्धं काळं करणं भाग होतं. वर्गात असा चौकोन पांढरा ठेवणाऱ्या मुलाचा मी एक गुण कापला असता. स्वतःच्या घराचा कागद काढताना मात्र माझा हात तिथे गेलाच नाही. लबाडीने की नकळत, ते मला आजही सांगता येत नाही. मी खूपदा तो शनिवार आठवायचा प्रयत्न करतो. दौत आठवते, टाक आठवतो, तो क्षण आठवत नाही.

पुढे तोच कागद मी मोठ्या पुठ्ठ्यावर काढला आणि प्रयोगशाळेत लावला. नावं नाहीत, नुसते गोल आणि चौकोन. तपासणीला आलेल्या साहेबांनी "स्थानिक उदाहरण, उत्तम" असा शेरा दिला. तेव्हापासून दरवर्षी मी त्याच्यासमोर उभा राहून सांगायचो, "घाटकोपरचे एक गृहस्थ."

तुम्ही तो पुठ्ठा पाहिलात. हे सुनंदालाही माहीत नव्हतं, परवा सांगितलं. रेवती सहा-सात वर्षांची असेल. मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, "सर, गेटवर तुमचे कोण म्हातारे आलेत." घरी न येणारे तुम्ही शाळेत आला होतात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या दोन डहाळ्या. तुमच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात लावलेल्या झाडाच्या. प्रत्येकीवर एक फूल होतं. एक नेहमीचं लालभडक. दुसरं फिकट, जवळजवळ पांढरं, आणि त्यात लालाची एक रेघ.

"मास्तरानू, एकाच झाडार ह्या कसां? मी कलम केलंय नाय. कोणी केलां नाय."

मी खूश झालो. असं उदाहरण पुस्तकात असतं, हातात कधी येत नाही. तुम्हाला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं आणि अगदी मन लावून समजावलं. म्हणालो, "मामा, झाड वाढतं म्हणजे पेशीची नक्कल होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येक वेळी आतली सगळी कृती जशीच्या तशी उतरवून घ्यायची असते. लाखो वेळा बरोबर उतरते. एखाद्या वेळी एका अक्षराचा फरक पडतो. तो ह्या फिकट फुलाच्या फांदीत पडला. आता ह्या फांदीचं प्रत्येक फूल असंच येणार. ह्याला उत्परिवर्तन म्हणतात."

"आधीच्या झाडात नव्हतां तरी?"

"नव्हतं तरी. नवंच."

"कारण काय?"

"पुष्कळदा कारण सापडत नाही. होतं. बहुतेक वेळा आपल्याला कळतसुद्धा नाही, काही फरक पडत नाही. कधी झाडाचं नुकसान होतं. कधी असं देखणं काहीतरी निघतं."

तुमची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मागे तो पुठ्ठा होता. तुम्ही तो ओळखलात, मोठा केलेला असला तरी. मग अगदी हळू विचारलंत, "मगे आमच्या चेडवाचां पण तसांच नसात कशावरून? नवांच?"

आणि मी म्हणालो, "मामा, माणसाचं वेगळं असतं."

घंटा झाली. तुम्ही उठलात. "होय तर, माणसाचां वेगळां," असं स्वतःशीच म्हणत जिना उतरलात. डहाळ्या तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलात. मी त्या काचेच्या बरणीत घालून फुलं मिटेपर्यंत मुलांना दाखवल्या.

मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा उलटून बघतो, मामा. खरं उत्तर माझ्याच तोंडातून निघालं होतं. दोन मिनिटांपूर्वी. प्रश्नही तुम्ही बरोबर विचारलात, मी चाळीस विद्यार्थ्यांतून ज्याची वाट बघतो तसा. तरी मी नाही म्हणालो. का? वादात हरायचं नव्हतं म्हणून? की कारण नाही हे मला फुलाच्या बाबतीत चाललं आणि मुलीच्या बाबतीत सोसलं नाही म्हणून? तुम्ही दोषी असलात की निदान गोष्ट पूर्ण होत होती. मला अजून नक्की ठरवता येत नाही.

मागच्या वर्षी रेवतीचे पाय फार दुखू लागले तेव्हा आम्ही तिला मोठ्या इस्पितळात नेलं. हाडांच्या विभागात एक बाई होत्या, पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. मी पिशवीतून वंशावळीचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. काहीशा अभिमानानेच. त्यांनी चष्मा वर केला.

"हे कोणी काढलं?"

"मी. शिक्षक आहे."

"हे मामा, यांना कोणी तपासलंय?"

"नाही. पण दिसतंच ना."

"काय दिसतं? घेऊन या त्यांना."

तुम्ही आलात. धुतलेला सदरा, हातात छत्री. बाईंनी तुम्हाला पाठमोरं उभं केलं, मणक्यावरून दोन बोटं फिरवली आणि विचारलं, "आजोबा, लहानपणी आजारी होतात का? खूप दिवस झोपून?"

"होय. नव वर्सांचो होतंय. दोन वर्सां आडवो. ताप आणि पाठीक गळू. वैद्य म्हणालो, जगलो ह्याच खूप."

"त्याआधी उंची किती?"

"बरोबरीच्या पोरांत मीच मोठो. नारळ काढूक माकाच चढवत."

सुनंदाने तोंडावर हात धरला. तिने तुम्हाला पाहिलं ते बाक आलेलेच, तिला तरी कुठून माहीत असणार? मला माहीत होऊ शकलं असतं. विचारायचं होतं फक्त. सतरा वर्षं तुम्ही माझे मामेसासरे होतात आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, की मामा, तुमची पाठ कशाने वाकली.

बाई म्हणाल्या, "मणक्याचा क्षय झाला होता यांना. मुलीचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. आणि हा प्रकार मधल्या माणसांत लपून येत नाही, ज्याच्यात असतो त्याच्यात दिसतोच. तुमचे हे अर्धे गोल पुसून टाका. हिच्यात हा बदल पहिल्यांदाच झालाय. बीजपेशी तयार होताना एक नक्कल चुकली, बस. हिच्या जन्माच्या वेळी वडिलांचं वय किती होतं?"

"अडतीस."

"हं. वय वाढतं तशा नकला जास्त झालेल्या असतात, तेव्हा शक्यता थोडी वाढते असं दिसतं. पण म्हणून तुमची चूक नाही. कोणाचीच नाही."

कोणाचीच नाही! बारा वर्षं मी एका माणसाला आरोपी करून ठेवलं होतं, आणि त्या बाई म्हणत होत्या गुन्हाच घडलेला नाही. आणि घडला असेलच तर, मामा, माझ्या पांढऱ्या चौकोनात घडला असण्याचीच शक्यता जास्त होती.

रेवतीने विचारलं, "म्हणजे मी मामाआजोबांसारखी नाही?"

"नाही बाळा."

"मग कोणासारखी?"

तिचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. सुनंदा महिन्यातून एकदा तिला घेऊन तुमच्याकडे यायची हे मला माहीत होतं. मी विचारत नव्हतो, ती सांगत नव्हती. पण मुलीने तिथे काय मिळवलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. जगात कोणीतरी एक तिच्यासारखं होतं. माझ्या चुकीनेच ते तिला दिलं होतं आणि खऱ्याने काढून घेतलं. हे कसं मांडायचं, मामा? माझ्या चुकीतलं तेवढंच चांगलं होतं का? मला विचार करून डोकं दुखायला लागतं.

तुम्ही मात्र सदऱ्याची बटणं लावता लावता म्हणालात, "गो, बाई काय म्हणाली ऐकलंस मां? पयली! आमच्या घराण्यात कशात कोण पयलो इलो नाय आजपर्यंत. आता हुडकीत बसू नको तू कोणासारखी ती. दुसरां कोण तरी तुझ्यासारख्या जन्माक येयत, तेका तू सांग."

ती हसली. बाईही हसल्या.

बाहेर बाकावर तुम्ही छत्री गुडघ्यात धरून बसलात. "म्हणजे त्यात माझां काय नाय?" असं तुम्ही मला विचारलंत. पुन्हा विचारलंत. "खरांच काय नाय?" मी मान हलवली. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघून हसलात. "बघा. मी आपलो उगाच लांब रवलंय."

तेव्हा बोलायचं होतं, मामा. तीच वेळ होती. माझ्या तोंडातून आलं, "चला, बस येतेय."

बसमध्ये रेवतीने मला नकला म्हणजे काय ते विचारलं. मी "गुणसूत्रांवर" म्हणून सुरुवात केली तोच तुम्ही म्हणालात, "मी सांगतंय. आमी गिरणीत पेट्यो करू. पयल्या फळयेवरसून माप घेऊन दुसरी कापायची, दुसरीवरसून तिसरी. शंभर बरोबर येतत. एखाद्या टायमाक पेन्सिल सरकता. मगे थंयसून पुढे तांच माप."

"मग ती पेटी वाया?"

"वाया कित्याक? तिच्यात दुसरां कायतरी बसता."

"पण पेन्सिल कोणी सरकवली?"

"कोणी नाय गो. सरकली."

मी तीस वर्षं शिकवतोय. इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही. आणि तुमच्या त्या शेवटच्या शब्दात माझी सुटका होती, हे तुम्ही मुद्दाम केलंत की सहज, तेही मला कळलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणालात, खिडकीतून बाहेर बघत.

त्या वर्षी गणपतीला तुम्ही स्वतः मखर घेऊन आलात. बारा वर्षांनी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे कोण?" तर सुनंदा मोठ्याने म्हणाली, "माझे बाबा." मखराचं एक टोक तुम्ही धरलं होतंत, एक मी. तिथे आपण दोघंच. मी म्हटलं, "मामा, मला तुम्हाला एक..." तुम्ही म्हणालात, "मास्तरानू, त्या कोपऱ्याक पाचर मारा आधी, मखर हलता." मी पाचर मारली. तोवर आरतीची माणसं आली. नंतर मी एक आंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात मखराची तारीफ होती आणि पुढच्या वर्षी लवकर या, असं होतं. दुसरं काहीच नव्हतं.

आणि पुठ्ठा? तो भिंतीवरच राहिला. काढला असता तर कोणीतरी विचारलं असतं, का काढला. मी तो धडा मागच्या वर्षी पुठ्ठ्याकडे पाठ करून शिकवला, एवढीच माझी हिंमत.

गेल्या रविवारी आम्ही तिघं तुमची खोली आवरायला आलो. मी तिथे दारापर्यंतच आलो होतो पूर्वी. आत बसलो असेन तो लग्नाच्या बोलणीला. या वेळी आत गेलो आणि कपाळाला काहीतरी लागलं. कपड्यांची दांडी. सगळं खाली होतं. कडी माझ्या कमरेशी. फळ्या, दिव्याचं बटण, आरसा, पाण्याचा माठ, सगळं. जिथे ते खाली आणता येत नव्हतं तिथे दोन पायऱ्यांचं स्टूल. रेवती चपला काढून आत गेली आणि न बघता तिने बटण दाबलं, न बघता पंचा काढून हात पुसले. आमच्या पार्ल्याच्या घरात ती प्रत्येक गोष्टीला हाक मारते, "आई, जरा दे ना." तिथे तिला कोणाला हाक मारावी लागली नाही. मी मात्र वाकून उभा होतो.

मी स्टुलावर बसलो. म्हणालो, "रेवा, तुझे आजोबा मला कधी काही बोलले नाहीत गं."

"तुम्ही पण कुठे बोललात?" ती पितळी डबे खोक्यात भरत होती. मग वर न बघता म्हणाली, "बाबा, मला आपल्या शाळेत 'चार्ट' म्हणतात. पाचवीपासून."

"कोण?"

"सगळेच. मोठी मुलं तुमचा तास झाला की बाहेर येऊन म्हणायची, ए, ती बघ, चार्टमधली. तुम्ही नाव सांगत नाही म्हणून काय झालं? मी दिसते ना."

सुनंदाने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलंस?"

"मामाआजोबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बाबाक सांगू नको, तेका झोप येवची नाय."

मामा, तुम्ही माझी झोप सांभाळत होतात. चौकोनात बसून. ह्याचं मी काय करू? तुमच्यावर रागावलो तर चालेल का? कारण खरं सांगतो, त्या क्षणी मला तुमचा रागच आला. तुम्ही एकदा माझी कॉलर धरायला हवी होतीत. स्टुलावर चढून का होईना.

निघताना रेवतीने डालड्याचा डबा उचलला. जास्वंद अजून आहे, खोड मनगटाएवढं झालंय. झाडावरची ती फिकट फुलांची फांदी तुम्ही जपलीत. लाल फुलं आहेत आणि एका बाजूला फिकट, लाल रेघेची. डबा आता आमच्या खिडकीत आहे, तिचा हात पोचेल अशा उंचीवर. कठडा मी खाली घेतला. वाकडा झालाय, तुम्ही हसला असतात.

परवा संध्याकाळी मी रेवतीला विचारलं, "उद्या तुमच्या दहावी ब ला तो धडा आहे. मी खरं सांगू का वर्गात? तुझ्यासमोर?"

ती विचार करून म्हणाली, "सांगा. पण माझ्याकडे बघू नका."

काल तिसरा तास, प्रयोगशाळेत. मी झाडाची दोन फुलं नेली होती. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. रेवती पहिल्या बाकावर, पायाखाली तुम्ही केलेला छोटा चौरंग. मी दोन्ही फुलं टेबलावर ठेवली, तुम्हाला समजावलं होतं तसंच सगळं समजावलं. मग म्हणालो, "मागच्या भिंतीवरचा तो तक्ता चुकीचा आहे. मी काढलेला आहे. वह्या उघडा."

मागच्या बाकावरून सावंत म्हणाला, "सर, परीक्षेला येणार?"

"नाही."

"मग लिहून नाही घ्यायचं ना?"

"घ्यायचं."

हशा झाला. मी फळ्यावर वंशावळ नव्याने काढली. सुनंदाची आई, सुनंदा, मी, तुम्ही. सगळे पांढरे. खाली एकच गोल भरला. म्हटलं, "हा बदल कोणाकडून आला नाही. इथे पहिल्यांदा झाला. का झाला ते मला सांगता येत नाही. वरच्या ह्या चौकोनात जे गृहस्थ होते त्यांना मी तेरा वर्षं काळं करून ठेवलं. त्यांची पाठ लहानपणीच्या आजाराने वाकली होती आणि मी त्यांना विचारलं नव्हतं. ते सुतार होते. ते माझ्या बायकोचे मामा. ह्याच खोलीत, त्या स्टुलावर बसून, त्यांनी मला विचारलं होतं, की फुलाचं असं होतं तर माणसाचं का नसेल. प्रश्न बरोबर होता. मी त्यांना उत्तर चुकीचं दिलं."

सावंत वहीत लिहून घेत होता. कबूल केल्याप्रमाणे मी पहिल्या बाकाकडे बघितलं नाही. भिंतीपाशी गेलो, खिळ्यावरून पुठ्ठा उतरवला. हातात धरला तर तुमचा चौकोन बरोबर माझ्या छातीशी आला. मुलांकडे तोंड करून बोलायचं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही. मी त्या चौकोनाकडेच बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, माणसाचं वेगळं नसतं. मी चुकलो. मला माफ करा."